ऑर्गनिस्ट व्हायचंय? पहिल्या पेडलपासून पहिल्या मैफिलीपर्यंत, चर्च आणि कॉन्सर्ट दोन्ही वाटांसाठी

ऑर्गन शिकायचाय म्हणून जे विचारायला येतात त्यातले बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात की फ्रेंच संगीतकार विदोरची टोकाटा (ऑर्गनवरची प्रसिद्ध जलद रचना) वाजवायला किती वर्षं लागतील. मी सांगते, टोकाटा येईल, मेहनत केलीत तर नक्की येईल, पण त्याआधी चार कडव्यांचं एक साधं गीत भरलेल्या चर्चकडून नीट गाऊन घेता येतं का ते बघूया. कारण माझं पक्कं मत आहे की ऑर्गनिस्ट घडतो तो तिथेच. ज्याला दोनशे माणसांचा श्वास सांभाळता येतो त्याचं कॉन्सर्टमधलं बाख (म्हणजे जर्मन संगीतकार बाखचं संगीत) पण श्वास घेतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याचं बाख कितीही जलद असलं तरी कानावर नुसतं आदळत राहतं.

इथे ऑर्गन म्हणजे पाइप ऑर्गन बरं का, पायपेटी नव्हे. दोन ते पाच कीबोर्ड (त्यांना मॅन्युअल म्हणतात), पायाखाली वेगळा पेडलबोर्ड, आणि वारा भरून वाजणारे शेकडो नाहीतर हजारो पाइप.

पायरी १ : पियानो आधी, आणि तो मनापासून

ऑर्गनवर थेट सुरुवात करता येते, पण पियानोचा पाया नसेल तर सगळ्या अडचणी एकदम अंगावर येतात. किती पियानो यायला हवा? माझं माप असं आहे की बाखच्या दोन-भागी इन्व्हेन्शन्सपैकी (छोट्या शिकायच्या रचना) चार-पाच स्वच्छ वाजत असतील, आणि चार आवाजांत लिहिलेलं गीत समोर ठेवलं तर हळू का होईना पण न थांबता वाचता येत असेल, तर ऑर्गनवर बसायला हरकत नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, न थांबता वाचणं. चुकीचा सूर लागला तरी ताल चालू ठेवायचा ही सवय आत्ताच लावून घ्या, कारण उपासनेत तुम्ही थांबलात की सगळं चर्च थांबतं.

ऑर्गनवर एक मोठा फरक लगेच जाणवतो, पट्टी जोरात दाबली काय किंवा हळू दाबली काय, आवाज तेवढाच येतो आणि बोट उचलेपर्यंत तसाच येत राहतो. पियानोत सूर आपोआप विरतो, इथे तो तुम्हालाच संपवावा लागतो. म्हणजे सूर *कधी सोडायचा* हे तो कधी धरायचा याइतकंच महत्त्वाचं होतं. एखाद्या सुरावर जोर द्यायचा असेल तर त्याच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडायचा, त्या बारीकशा फटीमुळे पुढचा सूर ठसठशीत ऐकू येतो. पियानोवाल्यांना हे अंगवळणी पडायला काही महिने जातात, घाबरू नका.

पायरी २ : शिक्षक आणि ऑर्गन, दोन्ही मिळवणं

ऑर्गन घरात नसतो, ही या क्षेत्राची सगळ्यात मोठी अडचण. तुम्हाला दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या वेळेत सराव करायचाय, तर आधी माणसं जोडा. ज्या चर्चमध्ये चांगला ऑर्गन आहे तिथल्या ऑर्गनिस्टला उपासना संपल्यावर जाऊन भेटा (आधी नाही, आधी त्यांच्या डोक्यात दहा गोष्टी चालू असतात) आणि सरळ विचारा की तुमच्या शेजारी उभं राहून पानं उलटू का. मी स्वतः जवळजवळ वर्षभर नुसती पानं उलटली आणि सांगितले तेव्हा स्टॉप (पाइपांचा एकेक संच चालू-बंद करायच्या खुंट्या) ओढले, आणि त्या वर्षात रजिस्ट्रेशनबद्दल, म्हणजे कुठला स्टॉप कधी याबद्दल, जे कळलं ते नंतर कुठल्याच वर्गात मिळालं नाही.

सरावाची परवानगी मिळाली की तिचा मान ठेवा. निघताना सगळे स्टॉप आत, ब्लोअर (वारा भरणारं यंत्र) बंद, दिवे बंद, दार लावलेलं, आणि कन्सोलपाशी (वाजवायला बसतो तिथे) नोंदवही असेल तर कुठला सूर बिघडलाय ते त्यात तारीख घालून लिहायचं. ट्यून करणारा माणूस ती वही वाचतो. नीट नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्याला किल्ली लवकर मिळते, हे मी अनेकदा बघितलंय.

घरच्या सरावाला पेडलबोर्ड असलेला डिजिटल ऑर्गन किंवा हाउप्टवर्कसारखं सॉफ्टवेअर चालतं, त्यात खऱ्या ऑर्गनच्या एकेका पाइपचं रेकॉर्डिंग वापरलेलं असतं. हातापायांची जुळणी त्यावर होते. पण खोलीत आवाज कसा फिरतो, जड यांत्रिक पट्टी बोटाला कशी लागते, हे खऱ्या ऑर्गनवरच कळणार, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी तिथे जायलाच हवं.

पायरी ३ : पाय

आधी बूट. ऑर्गनचे बूट वेगळे असतात, पातळ चामडी तळ, साधारण तीन सेंटिमीटरची टाच, निमुळता आकार. तळ पातळ का, तर पट्टीची कड पायाला जाणवायला हवी. हे बूट घालून रस्त्यावर कधीही जायचं नाही, एक खडा तळाला रुतला तर पेडलच्या लाकडावर ओरखडे उठतात.

पेडलबोर्डवर ३० किंवा ३२ पट्ट्या असतात, काही ठिकाणी सरळ आणि सपाट, काही ठिकाणी पंख्यासारख्या पसरलेल्या आणि किंचित वाटीसारख्या, त्यामुळे नव्या ऑर्गनवर पाय चुकतो तेव्हा दोष नेहमी तुमचा नसतो. बाक असा लावा की पाय पेडलवर अलगद टेकतील पण मांडी टांगलेली राहणार नाही. फार पुढे बसलात तर पाय अडकतात, फार मागे बसलात तर कंबर धरते.

आणि आता खरी गोष्ट, खाली बघायचं नाही. मग पट्टी सापडते कशी? काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटात असतात आणि दोन गटांच्या मधे मोकळी जागा असते. पायाचा अंगठा त्या मोकळ्या जागेत हलकेच सरकवला की काळ्या पट्टीची बाजू लागते, म्हणजे शेजारचा पांढरा सूर कुठला ते डोळे मिटूनही कळतं. सुरुवातीला दहा मिनिटं रोज एवढंच करा, मॅन्युअल बंद, पेडलवर एक ८ फुटी स्टॉप (फुटांचा अर्थ पायरी ५ मध्ये), मनात सूर ठरवायचा, जागा चाचपायची, वाजवायचा. पायाचा आतला भाग, अंगठ्याच्या बाजूचा, तोच वापरायचा, गुडघे शक्यतो जवळ. टाच नंतर येते. जुन्या संगीताला, म्हणजे बाखपर्यंत, बरेच जण फक्त चवड्यांनीच वाजवतात, टाच-चवडा मिळून सलग वाजवायची पद्धत मुख्यतः नंतरच्या संगीतासाठी लागते. स्वरलिपीत चवड्याला टोपीसारखी खूण आणि टाचेला गोल किंवा यूसारखी खूण असते, खूण ओळीच्या वर असेल तर उजवा पाय, खाली असेल तर डावा. स्वतःच्या खुणा पेन्सिलने करा, पेनाने कधीच नाही, कारण दोन वर्षांनी त्या बदलणारच आहेत.

पायरी ४ : डावा हात आणि पाय यांचं भांडण सोडवणं

इथे बरेच जण सोडून देतात म्हणून आधीच सांगते, सगळ्यांचंच असं होतं. डाव्या हाताला वर्षानुवर्षं सवय असते की सगळ्यात खालचा सूर माझा. आता तो पायांकडे गेला, तर डावा हात पायाच्या मागे धावतो किंवा पाय डाव्या हाताची नक्कल करतो. उपाय एकच, डावा हात आणि पेडल एवढंच वेगळं काढून, अतिशय हळू, रोज. क्रम असा ठेवा: पेडल एकटं, डावा हात एकटा, मग दोन्ही मिळून, मग उजवा हात आणि पेडल, मग दोन्ही हात, आणि अगदी शेवटी सगळं. सगळं एकदम वाजवून बघायचा मोह फार होतो, पण त्यात चुकाच पक्क्या होतात.

पहिल्या रचना कुठल्या? बाखच्या नावावर चालणारे आठ छोटे प्रील्यूड आणि फ्यूग (ते बाखचेच का यावर वाद आहे, पण शिकायला उत्तम), आणि मग ऑर्गेलब्यूख्लाइन. या वहीत बाखने १६४ कोराल (जर्मन चर्चमधल्या गीतांच्या चाली) बसवायचं ठरवलं होतं, लिहून झाले ४६. त्यातला 'इख रुफ त्सु दीर' हा तीनच आवाजांचा, उजव्या हातात सुरावट, डाव्यात वाहते बारीक सूर, पायात सारखे ठोके, डाव्या हात-पायाच्या भांडणावर याच्याइतकं गुणकारी औषध मला माहीत नाही. आणि वाजवायला मिळतंय काय तर इतकं सुंदर काहीतरी, की हळू वाजवायचा कंटाळाच येत नाही.

पायरी ५ : रजिस्ट्रेशन, म्हणजे कुठला स्टॉप कधी

स्टॉपवर आकडा असतो तो फुटांचा. ८ फुटी म्हणजे खालच्या सी सुराचा उघडा पाइप साधारण आठ फूट लांब, आणि तो लिहिलेल्याच उंचीला वाजतो. १६ फुटी एक सप्तक खाली, ४ फुटी एक सप्तक वर, २ फुटी दोन सप्तकं वर. दोन पूर्णांक दोन तृतीयांश फुटी लावला तर एक सप्तक आणि त्यावर पंचम वाजतो, तो एकटा वाजवायचा नसतो, ८ फुटीच्या आवाजाला रंग द्यायला असतो.

आवाजाची कुळं ढोबळमानाने चार, प्रिन्सिपल (ऑर्गनचा स्वतःचा खणखणीत आवाज), फ्लूट (बासरीसारखा), स्ट्रिंग (तंतुवाद्यासारखा) आणि रीड (आत धातूची जीभ थरथरून वाजणारा). पहिल्या वर्षी एवढं पाठ करा: मंडळी (चर्चला जमलेले लोक) गाणार असेल तर प्रिन्सिपल ८ आणि ४, गर्दी मोठी असेल तर २ आणि मिक्श्चर (एका पट्टीला अनेक उंच पाइप वाजवणारा स्टॉप), पेडलला १६ आणि ८. प्रार्थनेच्या मागे फ्लूट ८ एकटा पुरे. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे ८ फुटीवर ८ फुटी रचत जाणं, आवाज वाढत नाही, नुसता जाड आणि गढूळ होतो. स्पष्टपणा हवा असेल तर वरच्या सप्तकाकडे जा.

जाता जाता एक, खोलीचं तापमान वाढलं की साधे पाइप वर चढतात आणि रीड जवळपास जागच्या जागी राहतात. म्हणून कडक थंडीत किंवा उकाड्यात रीड बेसूर वाटले तर लगेच त्यांना हात लावू नका, हललेत बाकीचे.

पायरी ६ : गीत वाजवणं

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण पोटापाण्याचं काम बहुतांशी हेच आहे आणि शिकवताना यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

ओल्ड हंड्रेड्थ ही चाल घ्या. १५५१ च्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली, चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ सूर, जगभरच्या मंडळ्यांना पाठ. जी मेजरमध्ये पहिली ओळ जी जी एफ शार्प ई डी जी ए बी. आता बघा, सुरुवातीलाच जी दोनदा आहे. पहिला जी तुम्ही धरूनच ठेवलात तर मंडळीला दुसरा ऐकूच येणार नाही, ऑर्गनवर दोन सूर मिळून एक लांब सूर होतो. म्हणून वरच्या ओळीत सूर परत आला की पहिल्याची लांबी थोडी कापायची, आणि दर वेळी *तेवढीच* कापायची. दुसऱ्या ओळीत बी लागोपाठ तीनदा येतो, तिथे हे नीट जमलं नाही तर मंडळी कुठल्या बीवर आहे तेच कुणाला कळत नाही. मधल्या आवाजांत सूर परत आला तर धरून ठेवला तरी चालतो, त्याने सगळं जोडलेलं राहतं.

गीताचे चार आवाज खालून वर बेस, टेनर, आल्टो, सोप्रानो. पहिल्या आठवड्यात नुसतं पेडलला बेस आणि डाव्या हातात टेनर. दुसऱ्या आठवड्यात वर सोप्रानो आणि आल्टो. तिसऱ्या आठवड्यात वाजवता वाजवता तोंडाने गायचं. हो, मोठ्याने गायचं, सगळी कडवी, शब्दांसकट. गाताना जिथे तुम्हाला श्वास लागतो तिथेच मंडळीला लागतो. ओळ संपली की हात उचलायचा, पण ठोका न सांडता, शेवटच्या सुराच्या वेळेतूनच श्वासाची जागा काढायची. कुठल्या कडव्यात वाक्य ओळ ओलांडून पुढे जातं तेही शब्द वाचल्याशिवाय कळत नाही, तिथे श्वास दिलात तर अर्थच तुटतो.

सुरुवातीचं वादन ज्या लयीत कराल त्याच लयीत गीत होणार, म्हणून तिथे शेवटी लय ओढू नका, नाहीतर मंडळीला कळतच नाही की गायचं कुठल्या लयीत. दोन कडव्यांमधलं अंतर ठरवून घ्या आणि पाळा. माझा नियम असा की शेवटचा सूर पूर्ण, मग ठरलेले ठोके शांतता, मग पुढचं कडवं. एकदा लोकांना कळलं की ते तुमच्यासोबत श्वास घेतात, अख्खं चर्च एकदम श्वास घेतं तो आवाज मला मागे न बघताही ऐकू येतो, आणि त्यासाठीच मी हे काम करते.

आता आवाजाच्या उशिराचा भाग. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पाइप तुमच्यापासून लांब असतील, मंडळी अजून लांब असेल, आणि सगळं मिळून ३४ मीटरचा फेरा पडत असेल तर तुमच्या कानाशी गाणं सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतं. तुम्हाला वाटतं मंडळी मागे पडतेय, म्हणून तुम्ही थांबता, मंडळी तुमचं ऐकून आणखी थांबते, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गीत पार झोपतं. माझ्या पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक रविवारी हेच व्हायचं आणि मला वाटायचं लोकांना ताल नाही. मग एकदा मी मधल्या बाकावर बसून दुसऱ्याचं वाजवणं ऐकलं तेव्हा लक्षात आलं की तिथे सगळं बरोबर जुळलेलं असतं. त्यामुळे ठोका आतून मोजायचा आणि बोटांवर विश्वास ठेवायचा.

शेवटच्या कडव्याला वेगळी हार्मनी द्यायची हौस सगळ्यांना असते. द्या, पण मंडळीला चाल पक्की येत असेल तरच. बाखला पण यावरून बोलणी खावी लागलीत. १७०५ मध्ये जर्मनीतल्या आर्नस्टाटच्या चर्चच्या नोकरीतून चार आठवड्यांची रजा घेऊन तो नामांकित ऑर्गनिस्ट बुक्स्टेहुडचं वादन ऐकायला ल्युबेकला गेला, चारशेच्या आसपास किलोमीटर पायी, आणि राहिला सुमारे चार महिने. परत आल्यावर वरिष्ठांनी रजेबद्दल तर विचारलंच, शिवाय कोरालमध्ये विचित्र सूर मिसळून मंडळीला गोंधळात टाकतोस अशी तक्रार पण नोंदवली. वीस वर्षांचा होता तो. मला दोन्ही बाजू पटतात.

पायरी ७ : कॉयर (गायकवृंद) आणि इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी रचून वाजवणं)

कॉयरला साथ करताना कंडक्टरचा हात आरशात किंवा कॅमेऱ्यात दिसतो, तिथे मात्र कानावर नाही तर डोळ्यावर चालायचं, आणि जे ऐकू येतंय त्याच्या किंचित पुढे राहायचं. बऱ्याच जागांवर कॉयर पण तुम्हालाच घ्यावा लागतो, म्हणून गायनाचे आणि कंडक्टिंगचे थोडे धडे घेऊन ठेवा.

इम्प्रोव्हायझेशनला घाबरू नका. चर्चमध्ये त्याची गरज साध्या कारणाने पडते, प्रभुभोजनाची रांग अजून संपलेली नाही आणि तुमची रचना संपली. सोपी युक्ती: नुकत्याच झालेल्या गीताची पहिली ओळ घ्या, एका फ्लूटवर वाजवा, पंचमावर थांबा, मग तीच ओळ थोडी बदलून षड्जावर आणा. झाला प्रश्न आणि उत्तर. मधे एखादी नवी ओळ मायनरमध्ये, मग परत पहिली. दोन मिनिटं अशी सहज निघतात. रोज पाच मिनिटं करा, वेगवेगळ्या स्केलमध्ये, म्हणजे वेळ आली की हात आपोआप चालतात. पुढे गोडी लागली तर या कलेला सीमा नाही, नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये १९५१ पासून नुसत्या इम्प्रोव्हायझेशनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते, आणि फ्रेंच संगीतकार मेसियाँ पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चमध्ये १९३१ पासून १९९२ मध्ये जाईपर्यंत ऑर्गनिस्ट होता, साठ वर्षं तो तिथे इम्प्रोव्हाइज करायचा.

पायरी ८ : शिक्षण आणि परीक्षा

रस्ते अनेक आहेत. ब्रिटनमधलं रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स (१८६४ पासून) सर्टिफिकेट, असोसिएट आणि फेलो अशा तीन पातळ्यांच्या परीक्षा घेतं, अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्सकडे (१८९६ पासून) सर्व्हिस प्लेइंगच्या सर्टिफिकेटपासून फेलोपर्यंत पायऱ्या आहेत. या परीक्षांत नुसतं वादन नसतं, दुसऱ्या स्केलमध्ये उतरवून वाजवणं, न पाहिलेलं वाचणं, हार्मनी बसवणं, इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे नोकरीत जे लागतं तेच विचारतात, म्हणून मला त्या आवडतात. जर्मनीत चर्च संगीताची वेगळी पदवीच असते, सी पात्रता साधारण अर्धवेळ कामासाठी, बी आणि ए पूर्णवेळासाठी. इंग्लंडच्या कॅथेड्रलांत आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत ऑर्गन स्कॉलर नावाची जागा असते, शिकता शिकता रोजच्या उपासनेत वाजवायचं, कॉयर घ्यायचा. ज्याला संधी मिळेल त्याने घ्यावीच, रोजच्या उपासनेइतका कडक सराव दुसरीकडे होत नाही.

पायरी ९ : चर्चची नोकरी

आधी खरं ते सांगते, पूर्णवेळ जागा थोड्या आहेत. बहुतेक ऑर्गनिस्ट अर्धवेळ चर्च, बाकी शिकवणं, साथ, मैफिली असं मिळून घर चालवतात. कुणी आठवडाभर दुसरीच नोकरी करून रविवारी वाजवतात आणि उत्तम वाजवतात, त्यात कमीपणा काही नाही.

ऑडिशनला एक मोठी रचना, दोन-तीन गीतं, कॉयरसोबत काहीतरी, आणि बहुधा अचानक दिलेलं वाचन असतं. मोठ्या रचनेवर जीव टाकून लोक येतात आणि गीतात अडखळतात. निवड करणारे पाळक आणि मंडळीचे लोक असतात, ते गीतच ऐकतात.

करारात हे लिहून घ्या, तोंडी नको: आठवड्याचे तास (सरावाचे धरून), उपासना किती, सणांच्या जादा उपासना वेगळ्या धरायच्या का, रजा, बदली ऑर्गनिस्टचे पैसे कोण देणार, ऑर्गनवर सराव करायची आणि विद्यार्थी शिकवायची मुभा, ट्यूनिंगचा खर्च कुणाचा, उपासना ऑनलाइन दाखवली किंवा रेकॉर्ड केली तर काय. आणि लग्नं. तुमच्या चर्चमधल्या लग्नात आणि अंत्यविधीत वाजवायचा पहिला हक्क तुमचा, त्याचं मानधन वेगळं, हे वाक्य करारात असायलाच हवं. मी पहिल्या नोकरीत हे लिहून घेतलं नव्हतं, आणि वर्षभराने कळलं की लग्नांना बाहेरून दुसरं कुणी येतं, मला कुणी सांगितलंही नाही. मागून भांडणं फार अवघड जातं.

वर्षाचं गणित समजून घ्या, आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे), नाताळ, उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा), पवित्र आठवडा, ईस्टर. कॅथलिक चर्चमध्ये उपवासकाळात ऑर्गन फक्त गायनाला आधार द्यायला वाजतो, चौथा रविवार आणि मोठे सण सोडून, म्हणजे उपासनेनंतरचं धडाकेबाज वादन तेव्हा नाही. याचं वेळापत्रक दोन-तीन महिने आधी पाळकांसोबत बसून करा. पाळकांशी नीट संबंध ठेवणं हे निम्मं काम आहे. मतभेद झाले तर उपासनेआधी दहा मिनिटं बोलू नका, मधल्या वारी जा.

एक अडचण कधीतरी येणारच, सूर अडकणं. एका अंत्यविधीत शवपेटी आत येत असताना माझ्या ऑर्गनचा एक सूर अडकला, हात उचलले तरी वाजतोच आहे. अशा वेळी आधी ती पट्टी दोन-चारदा झटपट दाबून सोडायची, पुष्कळदा तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर कुठल्या मॅन्युअलवर आहे ते ओळखायचं, कपलर (एक मॅन्युअल दुसऱ्याला जोडणारे) काढायचे, मग स्टॉप एकेक आत ढकलायचे, ज्या स्टॉपवर सूर थांबला तो सोडून बाकीचे वापरायचे. माझ्याकडे तो एका फ्लूटमध्ये होता, मी दुसऱ्या मॅन्युअलवर गेले आणि त्याच सुराला धरून प्रार्थनेसारखं काहीतरी सुरू केलं. नंतर कुटुंबातल्या एकीने विचारलं, सुरुवातीचा तो लांब सूर कुठल्या रचनेचा होता.

पायरी १० : मैफिली

सुरुवात दुपारच्या छोट्या मैफिलींपासून करा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या, पुष्कळ चर्च आणि टाउन हॉल अशा मैफिली घेतात आणि नव्या लोकांना संधी देतात. पाठवायला काय लागतं? दोन-तीन स्वच्छ रेकॉर्डिंग, एका परिच्छेदाची ओळख, आणि दोन तयार कार्यक्रम. कार्यक्रम ठरवण्याआधी त्या ऑर्गनची स्टॉप यादी मागवा. दोन मॅन्युअलच्या छोट्या ऑर्गनवर फ्रेंच संगीतकार फ्रांकचे कोराल (मोठ्या ऑर्गन रचना) बसवायला गेलात तर रडकुंडीला याल, ते संगीत कावाये-कोल या फ्रेंच कारागिराच्या मोठ्या ऑर्गनसाठी जन्मलंय. तिथे बुक्स्टेहुड, पाखेल्बेल, बाख घ्या.

स्पर्धा पण करा, इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सची १९६३ पासून चालू आहे, तिथून अनेकांची नावं झाली. पण स्पर्धेसाठी तीन रचना घासून बाकी काहीच न येणं हा धोका आहे. पाठांतराचं म्हणाल तर फ्रेंच ऑर्गनिस्ट द्युप्रेने १९२० मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत दहा मैफिलींत बाखचं ऑर्गनचं सगळं संगीत पाठ वाजवलं होतं. आज नोट्स समोर ठेवून वाजवलं तर कुणी नावं ठेवत नाही, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं, कारण दर मैफिलीत ऑर्गन वेगळा असतो, डोक्यात आधीच पुष्कळ नवीन गोष्टी धरून ठेवायच्या असतात.

नव्या ऑर्गनवर वेळ कसा वापरायचा ते सांगते. समजा एकूण आठ तास मिळालेत. पहिला तास काहीच वाजवू नका, म्हणजे रचना वाजवू नका, एकेक स्टॉप ऐका, बाक आणि पेडलची सवय करा, पट्टी जड आहे की हलकी ते बघा. पुढचे तीन तास रजिस्ट्रेशन, पिस्टनवर (ठरवलेले स्टॉप एका दाबात लावणारी बटणं) साठवत. कुठली मेमरी लेव्हल (पिस्टनच्या नोंदींचा कप्पा) वापरायची ते तिथल्या ऑर्गनिस्टला विचारा, दुसऱ्याचं पुसलं गेलं तर परत बोलावणं येणार नाही. मग कुणालातरी बसवून वाजवायला सांगा आणि स्वतः हॉलभर फिरा, कन्सोलवर कानठळ्या बसवणारा रीड मागच्या रांगेत अगदी सौम्य लागतो आणि कन्सोलवर ऐकूही न येणारी फ्लूट तिथे सगळ्यावर तरंगते. उरलेल्या वेळात हळू सराव, आणि शेवटी एकदाच पूर्ण कार्यक्रम.

लय खोली ठरवते. आवाज पाच-सहा सेकंद घुमत असेल तर घरी ठरवलेली लय विसरा, सूर सुटे वाजवा, वाक्यांमधे खोलीला संपू द्या. विदोरने स्वतःची टोकाटा ८८ व्या वर्षी, १९३२ मध्ये पॅरिसच्या सें-स्युल्पिस चर्चमध्ये रेकॉर्ड केली, ती आजच्या बहुतेक वादकांपेक्षा बरीच सावकाश आहे. एकदा ऐका, प्रत्येक सूर कळतो.

तब्येतीचं थोडक्यात: पाठ आणि कंबर यांचे व्यायाम रोज, सलग पन्नास मिनिटांवर बसायचं नाही, पाइप डोक्याशीच असतील तर सरावाला कानात प्लग घाला.

मैफिलीनंतर लोक भेटायला येतात, त्यांना भेटा, पण परत कन्सोलपाशी जायचं राहू देऊ नका. बाक होता त्या उंचीला, सगळे स्टॉप आत, पेन्सिल आणि नोट्स उचललेल्या, बूट पिशवीत, बिघडलेल्या सुराची नोंद वहीत, ब्लोअर बंद. भाता खाली बसेपर्यंत थांबा, वाऱ्याचा आवाज पूर्ण गेला की दिवे घालवा आणि किल्ली ज्यांची त्यांना हातात द्या.